तळाच्या पाण्याला वारा लागतो

नोटीस सासूबाईंनी दोनदा वाचली. एकदा मनात, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, सून स्वयंपाकघरात आहे आणि तिला सगळं नीट ऐकू जातंय याची खात्री करून.

"'...सदर धुलाई केंद्रातून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यामुळे जलाशयात फॉस्फरस वाढून शेवाळ माजत असल्याचे दिसून येते. येत्या शुक्रवारी सुनावणी होऊन केंद्र कायमचे बंद करण्याबाबत निर्णय घेण्यात येईल. सोबत प्रयोगशाळेचे अहवाल जोडले आहेत.'" त्यांनी पान उलटलं. "आणि अहवालाखाली सही कुणाची, तर आमच्या सूनबाईंची. अक्षर मात्र वळणदार आहे हो."

"आई, मी फक्त आकडे लिहिते," सुनेने भाजी चिरता चिरता सांगितलं. "निर्णय साहेबांचा असतो."

"हो ना. विहिरीत ढकलणार साहेब, तू नुसती विहीर दाखवलीस."

दोघींच्या मधे जमिनीवर बसून तीन वर्षांची लेक कपड्यांच्या चिमट्यांची आगगाडी जुळवत होती. तिने मान वर करून आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि यात आपल्या कामाचं काही नाही असं ठरवून पुन्हा आगगाडीत शिरली. तिच्या बापालाही असंच वाटलं असावं. तो सासूबाईंच्याच केंद्राची गाडी चालवायचा आणि घरात सासू-सुनेचं काही पेटलं की त्याला हमखास एखादी राहिलेली खेप आठवायची. आज रविवार होता, तरी आठवली.

केंद्र धरणाच्या वरच्या अंगाला, नदीकाठी होतं. सहा मोठी मशिनं, आठ बायका, इस्पितळाच्या चादरी, डॉक्टरांचे कोट. नवरा गेल्यावर सासूबाईंनी ते एका मशीनवर सुरू केलं होतं. ते बंद करायचं म्हणजे त्यांचे हातच तोडण्यासारखं. आणि सून काम करायची ती खाली धरणाच्या प्रयोगशाळेत, पाणी तपासायचं. तिथे तिला बाटलीताई म्हणत. हे नाव होडीवाल्याने पाडलं होतं. महिन्यातून एकदा ती दहा-बारा बाटल्यांची टोपली काखोटीला मारून त्याच्या होडीत बसायची, म्हणून.

त्या रात्री लेकीला थोपटताना बाटलीताईच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. सासूबाईंचा राग तिला समजत होता. तिला समजत नव्हता तो फॉस्फरस.

फॉस्फरस म्हणजे साध्या भाषेत खतच. पिकाला लागतं तसं शेवाळालाही लागतं. तो पाण्यात थोडा असला की पाणी निवांत असतं, जास्त झाला की हिरवं होतं, दाट, रंगाच्या डब्यासारखं. गेली तीन वर्षं, उन्हाळा उतरणीला लागला आणि पहिला गार वारा सुटला की जलाशय असा हिरवा व्हायचा. आता गंमत अशी, की त्या दिवसांत नदीला जेमतेम घोटाभर पाणी असतं. वरून काही वाहून यायचं तर ते पुरात यावं. धार कोरडी पडायला आलेली असताना इतकं खत येतं कुठून?

सोमवारी तिची होडीतली फेरी होती. धरणाच्या भिंतीजवळ पाणी सर्वांत खोल, तीस मीटर. तिथे होडीवाला वल्हं आडवं धरून होडी थोपवून ठेवी आणि ती दोरीला बांधलेली नळी खाली सोडी. दोन्ही तोंडांना झाकणं असलेली जाड नळी. तळाशी पोचली की दोरीवरून एक वजन सोडायचं, ते जाऊन खटका दाबतं, झाकणं मिटतात आणि तळाचं पाणी आहे तसं वर येतं. वर आलं की त्याला कुजक्या अंड्यांचा वास मारे. होडीवाला दर महिन्याला तेच म्हणे, "ताई, आज नाश्ता केला नसता तर बरं झालं असतं."

आज तो वेगळंच बोलला. "सुरू झालं बघा. दरवर्षी इथूनच सुरू होतं."

"काय?"

"हे हिरवं. आधी भिंतीपाशी धरतं, मग पसरत पसरत तिकडे नदीच्या तोंडाकडे जातं."

बाटलीताईच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली. "काका, उलटं बोलताय. घाण नदीतून आली असती तर आधी तिकडे हिरवं झालं असतं."

"मी जे दिसतं ते सांगतो. वीस वर्षं वल्हवतोय इथे."

"मग ही तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"विचारलंत कधी? तुम्ही बाटलीवर चिठ्ठ्या चिकटवता, मी वल्हं मारतो. आपापलं काम."

परत येताना ती पाण्यात बोटं बुडवून बसली. भिंतीपाशी काय आहे? गाळ. धरण होण्याआधी ही नदी शेतांतली माती, गोठ्यांतलं शेण, गावोगावचं सांडपाणी असलं सगळं उचलून समुद्राला नेऊन द्यायची. भिंत उभी राहिली तशी ती इथे येऊन थबकायला लागली, आणि थबकली की अंगावरचं ओझं खाली ठेवायला लागली. चाळीस वर्षं रोजची ही ठेव. एकदा तिने हौसेने तळाचा मूठभर गाळ आणून तपासला होता, तर त्यात फॉस्फरस ठासून भरलेला. पण गाळात असून काय उपयोग? तो पाण्यात उतरतो का, हा प्रश्न. आणि तळाचं पाणी दर महिन्याला एकच उत्तर देत होतं: नाही. सहा वर्षं तिने अहवालाच्या त्या रकान्यात 'नगण्य' असं लिहिलं होतं. त्या एका शब्दावर साहेबांचा सगळा हिशेब उभा होता. तळातून काही येत नाही, म्हणजे बाहेरून येतं. बाहेरून नदीत उघडणारा पाइप एकच, सासूबाईंचा.

प्रयोगशाळेत तिने बाटल्या नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या फळीवर मांडल्या. एक दिवस तशाच ठेवायच्या. ही रीत तिला तिच्या आधीच्या म्हाताऱ्या रसायनवाल्यांनी घालून दिली होती. गढूळ पाण्यात रंग नीट दिसत नाही, म्हणून आधी गाळ बसू द्यायचा, मग वरचं निवळलेलं पाणी अलगद नळीने ओढून घ्यायचं आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं. जितका जास्त, तितकं गडद. ती त्यांच्या हाताखाली शिकली होती, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची, त्यांची फळी आणि त्यांची रीत तिने जशीच्या तशी उचलली.

मंगळवारी दुपारी दार उघडलं आणि कडेवर नात, खांद्याला पिशवी अशा सासूबाई आत आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"तुझे साहेब भेटायला बोलावतात आणि तासभर बाकावर बसवतात. ही रडायला लागली. म्हटलं, आईचं दुकान दाखवू."

"बसा ना आई. पाणी देऊ?"

"इथलं?" सासूबाईंनी फळीवरच्या बाटल्यांकडे बघून विचारलं, आणि स्वतःच फिसकन हसल्या. मग हसता हसता थांबल्या. त्यांनी नातीला खाली सोडलं, चष्मा नाकावर चढवला आणि एका बाटलीपुढे वाकल्या. प्रत्येक बाटलीच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा तपकिरी थर बसला होता.

"हे बोअरचं पाणी?"

"नाही. धरणाच्या तळाचं."

"होय? मग हा गंज कसला?"

"गंज नाही तो, गाळ आहे. पाण्याबरोबर येतो."

"काल काढलंस तेव्हा पाणी कसं होतं?"

"स्वच्छ," असं बाटलीताई सहज बोलून गेली. आणि बोलल्यावर स्वतःचाच शब्द कानात अडकून बसला.

स्वच्छ. होतंच की. नळीतून बाटलीत ओतताना पलीकडची होडीवाल्याची टोपी दिसत होती, इतकं स्वच्छ. सहा वर्षं ती होडीत स्वच्छ पाणी बघत होती आणि दुसऱ्या दिवशी फळीवर तपकिरी थर बघत होती, पण दोन्ही एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. होडीत तिचं लक्ष चिठ्ठीवर असायचं, फळीपाशी नळीवर.

"स्वच्छ होतं तर मग हा आला कुठून?" सासूबाई विचारत होत्या. "उडून?"

"आई, तुम्ही गंज का म्हणालात?"

"अगं, का म्हणजे? केंद्राला आधी बोअर होती ना. पाणी काढताना काचेसारखं. टाकीत दोन तास उभं राहिलं की चहा. त्यात कोट धुतले, ओले असताना पांढरेफेक, दोरीवर वाळले की अंगभर तपकिरी ठिपके. डॉक्टर मला म्हणाले, बाई, देवी आल्यात का माझ्या कोटाला? त्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं. खाली कोंडलेलं असतं तोवर दिसत नाही. वारा लागला की गंज होऊन बाहेर येतं." त्यांनी बाटली अलगद हलवली, थर धुरासारखा उठला. "आणि हा एकटा बसत नाही मेला. पाण्यात जे असेल ते मिठी मारून बरोबर घेऊन बसतो. साबण घाला, साबण घेऊन बसतो. फेस म्हणून व्हायचा नाही. तू या थराचं काय करतेस?"

"टाकून देते."

"टाकतेस?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग मोजतेस काय?"

बाटलीताई स्टुलावर बसली. लेक येऊन मांडीवर चढली आणि आईच्या कोटाचं बटण फिरवत बसली, ते तिला कळलंही नाही. तळाशी हवा नाही, म्हणून तर तो अंड्यांचा वास. हवा नाही तोवर लोखंड पाण्यात विरघळलेलं, आणि त्याने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटा. पाणी वर आलं, बाटलीत रात्रभर हवा लागली, लोखंडाचा गंज झाला आणि त्याने फॉस्फरसला पुन्हा मिठी मारून खाली बसवलं. मग वरचं निवळ पाणी घेऊन ती सांगत होती, यात काही नाही. नसणारच. जे होतं ते तीच मोरीत ओतत होती. महिन्याला दहा बाटल्या, सहा वर्षं.

"काय गं? पांढरी पडलीस."

"आई, तुमचं केंद्र माझ्या चुकीमुळे बंद होणार आहे बहुतेक."

सासूबाई म्हणाल्या, "बहुतेक म्हणजे? शास्त्रात बहुतेक चालतं का? नीट बघून सांग."

नीट बघायचं कसं, हीच मेख होती. पुन्हा पाणी आणून ती स्वतः तपासेल आणि उत्तर सासूबाईंच्या बाजूने लागलं, तर लोक तोंडावर हसतील. सुनेने सासूला वाचवलं, घरचं प्रकरण घरात मिटलं. कोण विश्वास ठेवणार? विचार करून ती तशीच, लेकीला कडेवर घेऊन, साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेब सरळ माणूस होता, पण सरळ माणसाला वाकवणं जड जातं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर ठेवलं. "म्हणजे सहा वर्षांचे आकडे चूक? तुमचेच?"

"तळाच्या पाण्याचे. हो, माझेच."

"आणि हे तुम्हाला सुनावणीच्या तीन दिवस आधी सुचलं. सासूबाई भेटायला आल्या त्या दुपारी."

"त्यांनीच दाखवलं," ती म्हणाली. तिने पुढचंही रेटलं. "म्हणून मी हात लावणार नाही. तुम्ही चला होडीतून. पाणी तुम्ही काढा, बाटल्यांना सील तुम्ही करा, थेंबही तुम्हीच टाका. मी नुसती सांगेन. निळा रंग कळायला शिक्षण लागत नाही."

"मी धरण बांधणाऱ्यांतला आहे, बाई. पाण्यावर तरंगणाऱ्यांतला नाही."

"मला तलंगता येतं," लेक कडेवरून म्हणाली. साहेबांना हसू आवरलं नाही, आणि ती हसण्याची फट बाटलीताईने सोडली नाही. "उद्या सकाळी सहाला, साहेब. वारा नसतो तेव्हा."

बुधवारी साहेब होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसले होते. होडीवाला म्हणाला, "साहेब, सोडा फळी. ती कुठे पळत नाही." खटका पडला, नळी वर आली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बाटलीताई मुद्दाम दोन हात लांब बसली होती.

"एकाच नळीतलं पाणी दोन ठिकाणी," तिने सांगितलं. "अर्धं या इंजेक्शनच्या नळीत ओढा, हवा न लागू देता. पुढे ही गाळणीची चकती लावा आणि दाबून या बाटलीत काढा. बाटलीत थोडं आम्ल आहे, त्यात लोखंड गंजत नाही. उरलेलं नुसतं या दुसऱ्या बाटलीत. तिला आपल्या रीतीप्रमाणे एक दिवस उभं ठेवायचं."

साहेबांनी काम चोख केलं. दोन्ही बाटल्या उन्हात धरून पाहिल्या. दोन्ही सारख्याच स्वच्छ. "फरक काहीच नाही," ते म्हणाले.

"आता नाही," ती म्हणाली. पण खरंच नसला तर?

बाटल्या साहेबांनी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. बाटलीताईने आणखी एक मागणं केलं. केंद्राच्या पाइपमधून पडणारं पाणीही आजच घ्या, साहेब, तेही तुम्हीच. साहेब म्हणाले, "ते तुमच्या विरुद्ध गेलं तर?" ती म्हणाली, "जाऊ दे, कळेल तरी." घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चादरीची घडी मोडून पुन्हा घातली आणि म्हणाल्या, "घेऊ दे. पावडर बदलून चार वर्षं झाली. मलाही बघायचंय, त्या पावडरवाल्याने पिंपावर 'फॉस्फरस नाही' लिहिलंय ते खरं की काय."

गुरुवारी कपाट उघडलं. एक बाटली होती तशीच. दुसरीच्या बुडाशी तपकिरी थर. साहेबांनी ती नुसती हातात धरून खूप वेळ पाहिली. "कुलूप माझं," ते स्वतःशीच म्हणाले. "किल्ली माझी."

तीन काचनळ्या रांगेत लावल्या. पहिलीत होडीतच गाळलेलं पाणी, दुसरीत रीतीप्रमाणे निवळलेलं, तिसरीत केंद्राच्या पाइपचं. साहेबांनी मोजून थेंब टाकले. मग दहा मिनिटं थांबायचं होतं. बाटलीताई खिडकीकडे पाठ करून उभी राहिली, मग राहवलं नाही म्हणून वळली.

दुसरी नळी जवळजवळ पाण्यासारखीच होती, नुसती निळसर शंका. सहा वर्षं तिने पाहिलेला तोच रंग. तिसरी तिच्याहून जराशी गडद. आणि पहिली निळी होत होती, अजून होत होती, दौतीतल्या शाईसारखी, इतकी की पलीकडचं साहेबांचं बोट दिसेना.

"अरे बापरे," साहेब म्हणाले. लगेच सावरून त्यांनी गळा साफ केला. "हे सगळं खालून येतं?"

"उन्हाळाभर खाली साठतं. गार वारा सुटला की वरखाली पाणी घुसळतं, हे वर येतं आणि गंजाने मिठी मारायच्या आत शेवाळ ते गट्ट करतं. म्हणून आधी भिंतीपाशी हिरवं. होडीवाल्या काकांना माहीत होतं."

"त्यांना सगळ्यांआधी विचारायला हवं होतं."

"मी," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं."

शुक्रवारी सुनावणी झाली. केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव साहेबांनी स्वतः मागे घेतला. पाइपचं पाणी दर महिन्याला तपासायचं, एवढी अट घातली. त्याच कागदात खाली आणखी दोन ओळी होत्या. तळाच्या पाण्याचे सहा वर्षांचे आकडे रद्द समजावेत, आणि प्रयोगशाळेच्या कामाची चौकशी व्हावी. त्या ओळी वाचताना बाटलीताईचे कान गरम झाले, पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चौकशीत काय होईल ते होईल. रीत मात्र सोमवारपासून बदलणार होती.

संध्याकाळी ती केंद्रावर लेकीला आणायला गेली. मशिनं थांबली होती, बायका घरी गेल्या होत्या. लेक चादरींच्या गठ्ठ्यावर पालथी झोपली होती, एक पाय खाली लोंबत. सासूबाई टेबलाशी बसून होत्या. त्यांनी बाटलीताईपुढे चहाचा कप सरकवला. आभार वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि तिलाही ते ऐकवलं नसतं.

"ते तिसऱ्या नळीचं," सासूबाई म्हणाल्या. "जरासं गडद म्हणालीस. म्हणजे माझंही थोडं आहे."

"थोडं. अगदी थोडं."

"आता थोडं. आणि आधीचं? ती पिवळ्या पिंपातली पावडर. सोळा वर्षं वापरली आम्ही. काय फेस यायचा." त्या कपातल्या चहाकडे बघत होत्या. "ती कुठे गेली असेल?"

बाटलीताईला खोटं बोलता आलं असतं. "गाळात," ती म्हणाली. "तुमची पावडर, शेतांतलं, गावांतलं. सगळ्यांचंच."

सासूबाईंनी मान हलवली. वाईट वाटल्यासारखी नाही, एखादी हरवलेली वस्तू कुठे आहे ते कळल्यासारखी. "किती खाली?"

"अं?"

"अगं, थरावर थर बसतात ना? मग माझा थर किती खाली असेल?"

हा प्रश्न बाटलीताईला कधी पडला नव्हता. तिने मनात हिशेब केला. "भिंतीपाशी वर्षाला बोटभर बसत असेल. पावडर बदलून चार वर्षं."

सासूबाईंनी चार बोटं टेबलाच्या कडेला आडवी लावली. "म्हणजे इथे संपली." मग चार बोटांखाली चार बोटं, त्याखाली पुन्हा चार, असं करत त्या खुर्चीतून वाकत वाकत खाली गेल्या आणि टेबलाच्या पायावर मधेच एका जागी थांबल्या. "आणि इथे माझं पहिलं मशीन आलं." तसंच वाकून त्यांनी वर पाहिलं. "हे काढून बघता येतं?"

"येतं. लांब नळी ठोकायची गाळात आणि उभाच्या उभा काढायचा. थर दिसतात, वेगवेगळ्या रंगांचे. साहेबांकडे मी मागणी करणारच आहे. किती साठलंय ते कळल्याशिवाय हे हिरवं अजून किती वर्षं येणार, ते कसं कळणार?"

"मग मलाही ने."

"होडीत? आई, फार घाण वास येतो. तुम्हाला सहन नाही व्हायचा."

सासूबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"वीस वर्षं इस्पितळाच्या चादरी उलगडतेय मी," त्या म्हणाल्या. "मला वासाची भीती घालतेस?"